लातूर : गंजगोलाईजवळचं जुनं घर २६ लाखांत मिळतंय. घर म्हणून घ्यावं की जागा म्हणून? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

घर घ्यायचं पक्कं झालंय, कोणतं घ्यायचं ते काही ठरेना. थोडं लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका, मिस्टरांचं एमआयडीसीत लेथचं लहानसं वर्कशॉप. लेक यंदा अकरावीला. सध्या भाड्यानं राहतो. ट्युशन एरियाच्या आसपासच्या भाड्यांबद्दल लातूरकरांना मी काय सांगू! एका खोलीत चार पोरं ठेवून डोक्यामागं पैसे मिळत असताना फॅमिलीला कोण विचारतंय. हाताशी दहा लाख आहेत, बाकी कर्ज. सगळा खर्च धरून ३२ च्या वर जायची ताकद नाही. औसा रोडला नि अंबाजोगाई रोडला टू बीएचके बघितले, आम्हाला सांगितलेले भाव ३८ च्या पुढं.

मग हे घर समोर आलं. गंजगोलाईपासून चालत दहा मिनिटं, गल्लीत. जागा २० बाय ५४, म्हणजे १०८० चौरस फूट. पुढच्या दोन खोल्या विटांच्या, छत लोखंडी गर्डर आणि शहाबादी फरशीचं, १९८५ च्या आसपासचं. मागच्या दोन खोल्या मालकांच्या आजोबाच्या काळातल्या, दगड-मातीच्या, भिंत हातभर जाड. पूर्वी त्यावर माळवद होतं, आता माती काढून पत्रे टाकलेत. परसात आड आहे (स्लॅब टाकून झाकलेला) आणि बोअर. २९ सांगत होते, २६ वर आलेत.

मला घर आवडलंय, हे आधीच कबूल करते. सागवानी दारं आहेत, दुपारी बारालाही मागच्या खोलीत गार असतं आणि माझी बस जवळ.

आता अडचणी. सासूबाई औसा तालुक्यातल्या. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे भूकंपात जे झालं ते त्यांनी बघितलंय. त्यानंतर कित्येक महिने ते लोक अंगणातच झोपायचे. त्यांनी मागच्या खोलीत पाऊल टाकलं, भिंतीला हात लावला आणि म्हणाल्या, "दगडाच्या घरात मी झोपायची नाही." घरात आता यावर कुणी बोलत नाही. पण त्यांचं चुकतंय असं मला ठामपणे म्हणता येत नाही.

पुढच्या खोल्यांत खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्यात. मालक म्हणतात, "काळी जमीन आहे, उन्हाळ्यात होतंच, पावसाळ्यात मिटतंय." खरं आहे का हे?

कागदांचं असं : मालमत्ता पत्रकावर अजून मालकांच्या वडिलांचंच नाव आहे, ते वारलेले. तीन भाऊ, दोन बहिणी. भाऊ तयार. एक बहीण उदगीरला, ती सही देते म्हणाली. दुसरी हैदराबादला, तिच्याबद्दल "ती काय नाही म्हणायची नाही" एवढंच सांगतात. मध्यस्थ म्हणतो, आधी दोन लाख देऊन इसार पावती करून टाका, बाकी होत राहील. शिवाय १६ लाखांचं खरेदीखत आणि १० रोख, असा आग्रह आहे.

पाण्याचं शेजारच्या मावशींना विचारलं. नळ आठवड्यातून एकदा, कधी तेही लांबतं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं गाव आहे हे, त्यामुळं त्यात नवल नाही. बोअर एप्रिलपर्यंत चालतो म्हणाल्या.

तर, घ्यावं का? आणि घेतलं तर मागचा भाग दुरुस्त करावा की पाडावा?

प्रतिसाद (बांधकामातला माणूस, नांदेड) :

ताई, सासूबाईंच्या बाजूनं एक मत माझं. किल्लारी भागात घरं पडली त्याचं कारण नुसता दगड नव्हता. भिंत दोन पदरी असते, आतून एक थर, बाहेरून एक, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही थरांना आरपार बांधणारे लांब दगड नसले की हादऱ्यात थर एकमेकांपासून सुटतात. त्यात वर माळवदाचं फूट-दोन फूट मातीचं ओझं. तुमच्याकडचं ओझं उतरवलंय हे चांगलं झालं, पण पत्रा भिंतींना एकत्र धरून ठेवत नाही. मजबुतीकरण होतं : भिंतीत ठरावीक अंतरावर भोकं पाडून काँक्रीटचे आरपार दगड भरायचे, दाराखिडक्यांच्या वरून चारही भिंतींना जाळीचा आणि सिमेंटचा सलग पट्टा फिरवायचा. पण मातीत रचलेल्या जुन्या भिंतीत हे करणारा हुशार मिस्त्री हवा, आणि खर्च बघितला तर दोन खोल्या पाडून नव्या बांधणं बरं वाटेल. भूकंप झाला तेव्हा तो पट्टा सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये धरलेला होता हेही ध्यानात असू द्या.

भेगांबद्दल मालक अर्धं खरं बोलतात. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते, भेगा उघडमीट करतात. पण पाया मुरमापर्यंत गेला असता तर एवढं झालं नसतं. भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवा आणि तारीख लिहा. काच तडकली तर भिंत अजून हलतेय. एका ऋतूत पूर्ण कळत नाही, पण काहीच न करण्यापेक्षा बरं. आणि गर्डरचं टोक भिंतीत जातं तिथं गंज बघा. फरशी वाजवून बघतात सगळे, गर्डरचं टोक कुणी बघत नाही.

प्रतिसाद (दस्तलेखक, बीड) :

भिंती नंतर. बहिणीची सही आधी.

वडिलांच्या पश्चात पाचही वारस. वारस फेरफार होऊन मालमत्ता पत्रकावर पाचही नावं लागल्याशिवाय एक रुपया देऊ नका. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मानं आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. "नाही म्हणायची नाही" याला कागदावर काही किंमत नाही.

दुसरं, आपल्या मराठवाड्याची खास भानगड. आजोबाच्या काळातलं घर म्हणजे निजामाच्या राजवटीतलं. मूळ जागा इनामी, खिदमतमाश (देवस्थान-मशिदीच्या सेवेसाठी दिलेली), मदतमाश (निर्वाहासाठी दिलेली) किंवा वक्फची नाही ना, हे नगर भूमापन कार्यालयातून जुने उतारे काढून बघा. काही कागद उर्दूत निघतील, वाचणारे जाणकार अजून भेटतात. शोध अहवाल वकिलाकडून तीस वर्षांचा तरी घ्या. आणि पेपरात जाहीर नोटीस द्या, हैदराबादची बहीण असो की आणखी कुणी, हरकत असेल तर आत्ताच कळू द्या.

रोख दहा लाखांचं सांगतो. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा बसतो. हे मालकाला शांतपणे सांगा, बऱ्याचदा आवाज खाली येतो. तुमचं नुकसान वेगळंच आहे : खत १६ चं झालं की बँक १६ च्या हिशोबानं कर्ज देणार, वरचे दहा तुम्ही कुठून आणणार? तुमचे सगळे साठवलेले तिथंच संपतील. खत पूर्ण रकमेचं करा. एकट्या तुमच्या नावावर केलंत तर महिलांची सवलत मिळते, मुद्रांक ६ ऐवजी ५ टक्के. २६ लाखांवर २६ हजार वाचतात, नोंदणी फी तेवढीच आहे. मिस्टरांचं नाव जोडलं की सवलत गेली.

प्रतिसाद :

लातूरमध्ये जुनं घर? नका घेऊ. फ्लॅट बघा.

प्रतिसाद (बांधकामातला माणूस, नांदेड) :

वरच्या दादांना फ्लॅट ३८ ला आहे हे वाचायचं राहिलं वाटतं.

ताई, तुमच्या शीर्षकातच उत्तर आहे. भिंतींची किंमत शून्य धरा. २६ लाख भागिले १०८० म्हणजे फुटाला साधारण २४०० रुपये. त्या गल्लीत पाडलेली, मोकळी जागा या भावानं कुणी घेतलीय का ते दोन-तीन खरेदीखतांच्या सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) वरून बघा. जात असेल तर घर फुकट मिळालं समजा. नसेल तर तुम्ही सागवानी दारांचे पैसे देताय. आणि महापालिकेच्या नगररचना विभागातून रस्तारुंदीची रेषा विचारा. वीस फुटांच्या दर्शनी बाजूतून पाच फूट गेले तर शंभर चौरस फूट जागा कमी, भाव २६५० वर पोहोचला. हे कुणी मध्यस्थ सांगत नाही.

धागाकर्ती :

सगळ्यांचे आभार. भाव काढताना मी सारखं "एवढ्यात चार खोल्या" असंच म्हणत होते, जागा वेगळी मोजली नव्हती. सूची काढायला मिस्टर सोमवारी जाणार आहेत. बँकेत तोंडी विचारलं, मूल्यांकन करणारा माणूस मागच्या भागाला किंमत देणार नाही, जागेवर आणि पुढच्या खोल्यांवर कर्ज बसेल असं म्हणाले.

मनात असं येतंय : सगळं नीट निघालं तर पुढच्या दोन खोल्यांत राहायचं, मागचं पाडायचं, दोन-तीन वर्षांनी तिथं कॉलमचं बांधायचं. सासूबाईंना पुढच्या खोल्या चालतील. विचारलं नाही अजून, पण परवा स्वतःहून "आडाचं पाणी गोड आहे का" म्हणाल्या.

एक शेवटचं. हैदराबादच्या ताई आजारी असतात, प्रवास जमणार नाही म्हणे. त्यांनी तिकडच्या नोटरीकडून मुखत्यारपत्र करून भावाच्या हाती पाठवलं तर चालतं का?

प्रतिसाद (दस्तलेखक, बीड) :

नुसत्या नोटरीवर नाही. त्या जिथं राहतात तिथल्या दुय्यम निबंधकासमोर मुखत्यारपत्र करून प्रमाणित करून घ्यावं लागेल, तरच त्यावर इथं दस्त नोंदवता येतो. आजारी असतील तर अर्ज करून निबंधकाला घरी बोलवायचीही सोय आहे. मुखत्यारपत्रात नगर भूमापन क्रमांक, चतुःसीमा आणि "विकण्याचा व मोबदला घेण्याचा अधिकार" असं शब्दशः हवं. आणि जमलं तर तुम्ही स्वतः त्यांना एक फोन करा. भावांच्या तोंडून ऐकलेला होकार आणि त्यांच्या तोंडून ऐकलेला होकार यात कधी कधी पाच वर्षांचा दावा असतो.

धागाकर्ती :

नंबर मागितलाय. "कशाला त्रास देता" म्हणाले. नंबर मिळेपर्यंत इसार थांबवलाय.