पोखऱ्याचं विमानतळ: दोष सावकाराचा की कर्ज घेणाऱ्याचा?

घाटवाट: नेपाळनं चीनच्या एक्झिम बँकेकडून २० कोटी डॉलरहून जास्त कर्ज काढून पोखऱ्याला विमानतळ बांधलं. उद्घाटन १ जानेवारी २०२३. गेल्या वर्षी काठमांडूहून तिथं उतरलो, तर समोर माछापुच्छ्रे शिखर लख्ख आणि आंतरराष्ट्रीय बाजूच्या काचेआड ओळीनं रिकामी काउंटरं. हप्ते मात्र भरायचेच. समुद्र नसलेल्या गरीब देशानं चिनी पैशावर असा ऋण काढून सण करू नये, असं माझं स्पष्ट मत.

ताकभात: मग नेपाळच्याच भैरहव्याच्या विमानतळाचं काय? ते मे २०२२ मध्ये सुरू झालं, कर्ज आशियाई विकास बँकेचं. तिथंही परदेशी विमानांची वानवाच. सावकार बदलला म्हणून गिऱ्हाईक आलं का? पश्चिमेकडून विमानं थेट आत यावीत म्हणून नेपाळ कित्येक वर्षं भारताकडे हवाई मार्ग मागतोय. फाटकाची किल्ली शेजाऱ्याकडे असताना घर बांधणाऱ्यालाच किती बोलायचं?

जुना मोटरमन: कर्ज सोडा, अनुदानाचं सांगतो. बिहारमधल्या जयनगरपासून नेपाळमधल्या कुर्थापर्यंत ३५ किलोमीटर रेल्वे भारतानं बांधून दिली. आपल्या कोकण रेल्वेमार्फत दोन डेमू (डिझेलवर चालणाऱ्या लोकल) गाड्या सप्टेंबर २०२० मध्ये तिकडं पोचल्या. प्रवासी कधी बसले? एप्रिल २०२२ मध्ये! चालवायला माणसं नव्हती, रेल्वेचा कायदा अर्धवट. दीड वर्ष उभ्या गाडीच्या बॅटरीचं काय होतं, ते शेडमधल्या कुणालाही विचारा. शेवटी चालवायलाही कोकण रेल्वेचीच माणसं गेली.

घाटवाट: म्हणजे माझंच म्हणणं. बाहेरचा पैसा पचत नाही.

ताकभात: मोटरमन काका बाहेरच्या पैशाबद्दल बोलतच नाहीयेत, तयारीबद्दल बोलतायत. आणि घरच्या पैशाचं ऐका. अप्पर तामाकोशी जलविद्युत प्रकल्प, ४५६ मेगावॅट, २०२१ ला सुरू. पैसा नेपाळच्याच कर्मचारी संचय कोषाचा (म्हणजे पीएफचा), नेपाळ टेलिकॉम कंपनीचा, सामान्य भागधारकांचा. व्याज धरता खर्च अंदाजाच्या दुपटीवर गेला, पण वीज तयार झाली.

घाटवाट: झाली ना! मग पावसाळ्यातली जास्तीची वीज भारताला विकायची.

ताकभात: विकायला गेलेच होते. बांधकामाचं कंत्राट चिनी कंपनीकडे होतं म्हणून भारतानं तिथली वीज घ्यायला नकार दिला. आता यात कर्ज कुठं आलं, ते सांगा.