पगार किती सांगितला, हातात किती पडला, आणि राहायला काय मिळालं? बाहेर गेलेल्या कोकणकरांनो, लिहा

भाच्याला शारजाहून ऑफर आली आहे. एसी टेक्निशियन, आयटीआय झालेला. कागदावर '2,500 दिरहम, राहणं कंपनीचं' एवढंच. आई हुरळून गेलीय, वडील रुपयांत गुणाकार करून बसलेत. यात बेसिक किती, खोलीत माणसं किती, हे विचारलं तर एजंट म्हणतो, 'ते तिकडे गेल्यावर कळेल.' आपल्याकडे प्रत्येक वाडीतले दोन-चार जण तरी बाहेर आहेत, पण सुट्टीवर आलेला माणूस पगाराचा आकडा सांगतो, खोलीविषयी अवाक्षर काढत नाही. म्हणून हा धागा. पगार कसा फोडून दिला होता, राहायची सोय कशी होती, नोकरी सोडताना काय मिळालं, ते लिहा. नाव नको, तालुका आणि देश पुरे. कंपन्यांची नावं टाकू नका, उगाच भांडणं होतात.

दापोली, दुबई

एका काँट्रॅक्टिंग कंपनीत पेरोलचं काम करतो, त्यामुळे ही बाजू आतून बघितलीय. यूएईत नोकरी सोडताना जी ग्रॅच्युइटी मिळते ती फक्त बेसिकवर. वर्ष पूर्ण व्हायला हवं. पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला 21 दिवसांचं बेसिक, त्यापुढे 30 दिवसांचं. आता 3,000 चा पगार घ्या. बेसिक 1,200 आणि बाकीचे घरभाडं, प्रवास, 'इतर' असे दाखवले, तर वर्षाला 840 दिरहम जमतात. तोच पगार सगळा बेसिक असता तर 2,100. पाच वर्षांचे झाले एकीकडे 4,200 आणि दुसरीकडे 10,500. दर महिन्याला बँकेत तेवढेच 3,000 पडतात, म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही. ओव्हरटाइम आणि उरलेल्या सुट्टीचे पैसेसुद्धा बेसिकवरच निघतात.

राहण्याचं म्हणाल तर 2021 च्या कायद्यानुसार मालकाने परवानाधारक जागा द्यायची, नाहीतर घरभाडं रोख द्यायचं, किंवा ते पगारातच धरायचं. 50 किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीत ठरावीक मर्यादेच्या खाली पगार असेल तर जागा द्यावीच लागते. त्या मर्यादेच्या जरासे वर ठेवलेले पगार मी पुष्कळ पाहिलेत, योगायोग म्हणा. कामगारांच्या कॅम्पच्या नियमात माणशी कमीत कमी 3 चौरस मीटर जागा आणि खोलीत आठ-दहा जण. म्हणजे खाट, ट्रंक आणि उभं राहायला जागा.

भाच्याला सांगा, सरकारी ऑफर लेटर मागून घे. इंग्रजी-अरबीबरोबर ते हिंदीतही मिळतं. मराठीत नाही, पण हिंदी त्याला वाचता येईलच की.

चिपळूण (धागा काढणारा)

आज दोनदा फोन करून काढून घेतलं. बेसिक 1,100. बाकीचं 'अलाउन्स'. तुमचा हिशेब त्याच्या वडिलांना वाचून दाखवला, गुणाकार थांबलाय.

मंडणगड, दमाम

हेवी ड्रायव्हर. सौदीत ग्रॅच्युइटीचा हिशेब जरा वेगळा. शेवटच्या पगारावर, ठरलेले भत्ते धरून काढतात: पहिली पाच वर्षं दरवर्षी अर्धा महिना, पुढे दर वर्षाला पूर्ण महिना. पण आपण होऊन राजीनामा दिला की कात्री लागते. दोन वर्षांच्या आत शून्य, पाचपर्यंत एक तृतीयांश, दहापर्यंत दोन तृतीयांश, दहाच्या पुढे पूर्ण. आमच्या खोलीतला एक जण, पगार 3,000 रियाल, आठ वर्षं झालेली. फोरमनशी वाजलं आणि रागाच्या भरात राजीनामा लिहून दिला. 16,500 व्हायचे तिथे 11,000 घेऊन गेला. कराराची मुदत संपेपर्यंत थांबला असता तर पूर्ण मिळाले असते.

आमची खोली सहा जणांची, साइटवरची पोर्टा केबिन. खोली फुकट, जेवण आपलं. मेस लावतो, महिनाअखेर वाटणी. एसी बंद पडला की रात्र काढणं म्हणजे काय ते जुलैत येऊन बघा. इकाम्याची, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याची, फी कायद्याने मालकाने भरायची असते, माझ्या पहिल्या मालकाने ती पगारातून कापली होती. नवीन माणसाला हे माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी पहिल्या वर्षी तोंड उघडत नाही.

खेड, घरी

मी कधी गेले नाही, पण पैसे माझ्याकडे येतात तेव्हा माझंही ऐका. मिस्टर अबुधाबीला. दोन वर्षं म्हणून गेले होते. मग घर काढलं. जोतं एका सुट्टीत, चिऱ्याच्या भिंती दुसऱ्या सुट्टीत, स्लॅब पडला त्या वर्षी करार वाढवला. आता सासूबाई म्हणतात वर अजून एक मजला चढवू. मी नको म्हणते, कारण मजल्याचा खर्च मला सिमेंटच्या पोत्यांत नाही, वर्षांत दिसतो.

बँकेचं एक सांगते. जाण्याआधीचं साधं बचत खातं तसंच चालू ठेवू नका, ते एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्याचं इथल्या पैशांचं खातं, करून घ्यावं लागतं. तिकडून येणाऱ्या पैशांसाठी वेगळं एनआरई खातं उघडा, त्याच्या व्याजावर इथे कर नाही. आमच्याकडे हे कोणी सांगितलंच नव्हतं. शेजारच्या वकीलकाकांनी सहज विचारलं म्हणून कळलं.

मालवण, बोट

मी मालवणीतच लिवतंय, समजान घेवा. मी बोटीर एबी, म्हणजे अनुभवी खलाशी, आसंय. आमचा ह्या कॅम्पवाल्यांपेक्षा बरा. एमएलसी 2006 म्हणान खलाशांसाठीचो आंतरराष्ट्रीय करार आसा, तेच्यात केबिनचा मापच दिलेला आसा. 10,000 ग्रॉस टनाच्या वरच्या मालवाहू बोटीर एका माणसाक 7 चौरस मीटर, आणि केबिन एकट्याक. जेवाण बोटीचा. 2025 सालाक एबीचो कमीत कमी मूळ पगार महिन्याक 673 डॉलर ठरलेलो. ओव्हरटाइम, रजेचे पैसे त्याच्यावर.

पण घराक इलंय काय पगार बंद. पुढचो कॉल येयसर घराक बसान ऱ्हवाचा. म्हणान महिन्याचो आकडो बारान गुणू नुको. आणि भरतीचे पैसे मागल्यान तर थंयसून उठा. आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीच्या सरकारी, लायसनवाल्या कंपनीक खलाशाकडसून ते घेवक परवानगीच नाय. लायसन डीजी शिपिंग ह्या सरकारी खात्याच्या साइटीर बघूक गावता.

गुहागर, दोहा

थोडक्यात. एजंटने मला '1,800 रियाल, फर्स्ट क्लास पॅकेज' म्हणून पाठवलं. इथे आल्यावर कळलं की मार्च 2021 पासून कतारमध्ये 1,000 बेसिक, कंपनी जागा देत नसेल तर 500 आणि जेवण देत नसेल तर 300, ही कायद्याने ठरवलेली सगळ्यात खालची पायरी आहे. बेरीज तुम्हीच करा.

श्रीवर्धन, कुवेत

आमच्याकडे कुवेत तीन पिढ्यांचं. आजोबांना तिथे पगार रुपयांत मिळायचा. आखातासाठी रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये वेगळ्या नोटा काढल्या होत्या, 1961 ला दिनार आला. त्यांच्या वेळी कंपनीच्या बराकी, वडिलांच्या वेळी चाळीवजा इमारती, आता आमच्या नशिबी टॉवर.

12 जून 2024 ला कुवेतमधल्या मंगफ भागात कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली. पन्नासच्या आसपास माणसं गेली, बहुतेक भारतीय. मी त्या भागापासून फार लांब राहत नाही. त्यानंतर आमच्या कंपनीने प्रत्येक फ्लॅटमधली माणसं कमी केली, आणि त्याबरोबर काही जणांना 'हाउसिंग अलाउन्स घ्या, बाहेर बघा' म्हणून सांगितलं. अलाउन्समध्ये बाहेर मिळते ती एका फ्लॅटमधली एक खाट. तरी मी जागा बघायला गेलो की भाडं नंतर विचारतो. जिने किती, मीटरबॉक्स कुठे, गच्चीचं दार उघडं असतं का, हे आधी. घरमालक हसतो. हसू दे.

रत्नागिरी, परत आलेला

भाच्याचं वाचलं म्हणून लिहितोय. नोंदणीकृत एजंटला कायद्याने 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. माझ्याकडून 1 लाख 20 हजार घेतले, पावती मात्र 30,000 ची. बाकीचे 'मेडिकल आणि तिकीट'. दहावी नापास असेल तर पासपोर्ट ईसीआर असतो, म्हणजे आखातात कामाला जायला सरकारचा क्लिअरन्स लागतो. तो टाळायला व्हिजिट व्हिसावर पाठवतात, आणि तिकडे गेल्यावर ना कराराचा पत्ता, ना विम्याचा. क्लिअरन्स घेऊन गेलात तर प्रवासी भारतीय विमा योजनेचं 10 लाखांचं संरक्षण असतं, दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये. एवढ्याशा पैशांसाठी कोण आडवळण घेतं? एजंट घेतो, कारण आडवळणातच त्याचे 90,000 असतात.

राजापूर, दुबई

बायको-मुलांना न्यायचं असेल तर पगार आणि जागा एकमेकांत अडकतात. यूएईत कुटुंबाचा व्हिसा काढायला पगार 4,000 दिरहम लागतो, किंवा 3,000 आणि वर कंपनीची जागा. मला 3,500 आणि बॅचलर अकोमोडेशन. ऑफिसात म्हणाले, बॅचलर खोली म्हणजे जागा नव्हे. 500 ची पगारवाढ मागायला मी वर्षभर त्यांच्या मागे होतो.

मग फ्लॅट. भाडं वर्षाचं ठरतं आणि चेक आगाऊ द्यायचे. चेक जितके जास्त, तितकं भाडं वाढवून सांगतात. दुबईत वार्षिक भाड्याच्या 5 टक्के हाउसिंग फी वीज-पाण्याच्या बिलात महिन्या-महिन्याला येते, ती कोणी आधी सांगत नाही. स्वस्तात पार्टिशनवाली खोली घ्यायचा मोह टाळा. विनापरवाना पार्टिशन बेकायदा आहे, पालिका आली की तुम्ही बॅगांसकट रस्त्यावर.

कुडाळ, जर्मनी

सगळं आखाताचंच चाललंय, म्हणून मी. नर्स आहे. डिग्रीला तिथली मान्यता मिळेपर्यंत हॉस्पिटलने मला मदतनीस म्हणून ठेवलं, पगारही तसाच. आता पूर्ण नर्सचा आहे, पण कर, आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी विमा असं सगळं कापून एकट्या माणसाच्या हातात साधारण दोन तृतीयांश येतात. आखातात आयकर नाही, त्यामुळे भावाच्या आणि माझ्या आकड्यांची तुलना घरी रोज होते आणि रोज चुकीची होते.

सुरुवातीला हॉस्पिटलच्या वसतिगृहात खोली मिळाली, भाडं पगारातून वळतं. ती मुदतीची होती. मग घर शोधायचं. जाहिरातीत 'काल्टमीट' लिहितात ते नुसत्या जागेचं भाडं. हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून 'वार्ममीट', आणि खिशातून जातं ते हे दुसरं. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमीट, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा कायद्याने हक्क आहे. घरमालक एकरकमी मागतो, तुम्ही हप्ते मागा. शिवाय रेडिओ-टीव्हीची फी महिन्याला 18.36 युरो, टीव्ही असो वा नसो. ती घरामागे असते, माणसामागे नाही, म्हणून मैत्रिणीबरोबर राहिलात तर एकीनेच भरायची.

आणि हो, पुष्कळ घरं स्वयंपाकघराशिवाय मिळतात. ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून नुसते दोन पाइप बाहेर आलेले. मी आधीच्या भाडेकरूकडून त्याचं जुनं किचन विकत घेतलं. ओव्हनचे तो वेगळे पैसे मागत होता, ते दिले नाहीत. शेवटी ओव्हन तिथेच ठेवून गेला.