शार्प सिरीज: आधी असई वाचू की आधी स्पेन?

लष्करवाला (ग्वाल्हेर):
नमस्कार मंडळी. बर्नार्ड कॉर्नवेलची शार्प सिरीज, म्हणजे शार्प नावाच्या इंग्रज सैनिकाच्या ऐतिहासिक कादंबऱ्या, सुरू करायचीय, सोबत भाचापण वाचणार आहे, अकरावीत आहे, इंग्रजी वाचतो व्यवस्थित. अडचण अशी की आधी छापलेलं 'शार्प्स ईगल' १९८१ चं, त्यात १८०९ ची स्पेनमधली तालावेराची लढाई, आणि श्रीरंगपट्टणचं १७९९ चं 'शार्प्स टायगर' आलं थेट १९९७ ला. आमचा जीव अडकलाय असईच्या लढाईत, इंग्रजांशी लढलेल्या दौलतराव शिंद्यांच्या फौजेत. मग छापल्या क्रमाने जाऊ की सनावळीने?

बडोदेकर:
सनावळीनेच जा दादा. टायगर, मग 'शार्प्स ट्रायम्फ' म्हणजे असई, २३ सप्टेंबर १८०३, मग 'शार्प्स फोर्ट्रेस' म्हणजे गाविलगड, त्याच वर्षीचा डिसेंबर. टायगरमध्ये शार्प साधा शिपाई असतो आणि असईत इंग्रज सेनापती वेलस्लीचा जीव वाचवतो म्हणून अधिकारी होतो. पुढे स्पेनमध्ये बाकीचे अधिकारी त्याला आपल्यात धरत नाहीत ते का, हे या तीन पुस्तकांमुळे नीट कळतं.

मी_इंदूरची:
माझं मत उलटं आहे. ईगल आणि 'शार्प्स कंपनी' आधी वाचा. सार्जंट हेक्सविल कंपनीत पहिल्यांदा समोर येतो ना, तेव्हा अक्षरशः अंगावर येतो, आणि शार्पचं त्याच्याशी जुनं वैर आहे एवढंच माहीत असतं, ते काय ते भारतातल्या पुस्तकांत कळतं ती मजा वेगळी. आणि ज्यांना होळकर शोधायचेत त्यांच्यासाठी, यशवंतराव १८०३ च्या या लढाईत उतरलेच नव्हते, त्यांची लढाई १८०४ ची, इंग्रज अधिकारी मॉन्सनला आग्र्यापर्यंत मागे रेटलं ती.

किल्ल्याखालचा:
ताई, हेक्सविलचं पटतं. पण भाचा आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला आहे, दौलतरावांची छावणी पडली तिथेच वसलेलं हे शहर, त्याला तालावेरापासून सुरू करायला लावू नका. असई जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ, नकाशा उघडून वाचा. नदीच्या दोन काठांना समोरासमोर दोन गावं दिसली म्हणजे मधे नदी पार करण्याजोगा उतार असणारच, एवढ्यावर वेलस्लीने नदी ओलांडली. आणि शिंद्यांचे गोलंदाज! इंग्रजांची रांग तोफांवरून पुढे गेली तेव्हा त्यातले काही मेल्यासारखे पडून राहिले आणि मग उठून त्याच तोफा फिरवून मागून डागल्या. इंग्रजांचे १५०० च्या वर मेले-जखमी झाले. कादंबरी वेलस्लीच्या बाजूने चालते, त्यामुळे शिंद्यांचा युरोपीय सेनानी पोलमन याच्या पलटणींतली आपली माणसं तुम्हालाच शोधत वाचावं लागेल, आणि ते कराच, कवायती फौज कशी उभी होती ते त्यात दिसतं.

लष्करवाला:
ठरलं, टायगरपासून. फोर्ट्रेसनंतर सरळ स्पेनला उडी मारली तर? ट्रफाल्गरचं पुस्तक आरमाराचं आहे म्हणतात, भाच्याला जहाजांत रस नाही.

बडोदेकर:
नका वगळू. १८०५ ला तो मुंबईहून परत निघतो ते त्याच पुस्तकात. त्यानंतर कोपनहेगनचं 'शार्प्स प्रे', मग 'शार्प्स रायफल्स', आणि लगेच नाही पण कथेतल्या त्याच वर्षात, १८०९ ला, ईगल.

मी_इंदूरची:
आणि कंपनीपर्यंत पोचलात की इथे येऊन नक्की सांगा, भाच्याला हेक्सविल कसा वाटला ते.