विंडोज टाकताना लॅपटॉप मध्येच बंद पडला, आता रिकव्हरी पार्टिशन उघडत नाही

धुकेरी:
ताईचा लॅपटॉप फार हळू झाला होता म्हणून पेनड्राइव्हवरून विंडोज पुन्हा टाकायला घेतलं. जुन्या पार्टिशनवरच (डिस्कच्या त्याच भागावर) टाकत होते, फॉरमॅट केलं नव्हतं. फाइल कॉपी ६४ टक्क्यांवर असताना चार्जरची पिन निसटली, बॅटरी आधीच अगदी कमी होती, आणि लॅपटॉप बंद पडला. आता सुरू केला की बूट डिव्हाइस सापडत नाही असं येतं. पूर्वी एफ११ दाबलं की कंपनीची रिकव्हरी उघडायची, तीही येत नाही.

पेनड्राइव्हवरून बूट करून शिफ्ट-एफ१० दाबलं आणि डिस्कपार्टमध्ये (डिस्कचे भाग दाखवणाऱ्या कमांडमध्ये) पाहिलं: सिस्टम २६० एमबी, रिझर्व्ह्ड १६ एमबी, प्रायमरी ४६० जीबी, रिकव्हरी १००० एमबी, रिकव्हरी १५ जीबी.

ताईच्या प्रबंधासाठी घेतलेल्या मुलाखतींची रेकॉर्डिंगं याच लॅपटॉपवर आहेत. दुसरी प्रत नाही. कंपनीचं मूळ विंडोज परत आणायचं आहे, पण त्याआधी ती रेकॉर्डिंगं. कृपया सांगा, कुठून सुरुवात करू?

जुना_सोल्डर:
धुकेरी, आधी पेनड्राइव्ह काढा आणि पुन्हा इन्स्टॉल करायला जाऊ नका. तुम्ही दिलेली यादी पाहून मला बरं वाटलं. १५ जीबीचं पार्टिशन जागेवर आहे. म्हणजे कंपनीची इमेज, मूळ विंडोजची तयार प्रत, बहुधा शाबूत आहे, फक्त तिच्याकडे नेणारी वाट तुटली आहे. ती वाट २६० एमबीच्या सिस्टम पार्टिशनमधल्या बूट नोंदीत असते, आणि विंडोजचा सेटअप नेमक्या त्याच नोंदी नव्याने लिहितो. अर्धवट लिहून थांबला की एफ११ला जायला जागाच उरत नाही.

दोन रिकव्हरी पार्टिशनांत गल्लत करू नका. १००० एमबीचं आहे ते विंडोजचं दुरुस्तीचं वातावरण, त्यात विनआरई.विम नावाची फाइल असते. १५ जीबीचं ते फॅक्टरी इमेजचं.

आता रेकॉर्डिंगं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्सचा लाइव्ह (इन्स्टॉल न करता थेट चालणारा) पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून लॅपटॉप सुरू करा, ४६० जीबीचं पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं उघडा. फॉरमॅट केलं नव्हतं हे फार चांगलं झालं. ताईंच्या फाइल विंडोज.ओल्डमधल्या (सेटअप जुनं विंडोज हलवून ठेवतो त्या फोल्डरमधल्या) यूझर्स फोल्डरमध्ये असतील, नाहीतर जुन्याच जागी. पार्टिशनने बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) की मागितली तर ती ४८ आकडी असते आणि बहुतेक वेळा ताईंच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते. सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि दोन-तीन रेकॉर्डिंगं खरंच वाजवून बघा. नुसती फाइलची नावं दिसली म्हणून निश्चिंत होऊ नका. माझ्याकडे आलेल्या एका लॅपटॉपमध्ये नावं सगळी होती आणि निम्म्या फाइल शून्य केबीच्या निघाल्या.

मग १५ जीबीच्या पार्टिशनचीही जशीच्या तशी प्रत काढून ठेवा, डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने छान निघते. त्यानंतरच पुढचं बोलू.

पाटी_पुसा:
एवढा खटाटोप कशाला? फॅक्टरी इमेजमध्ये जुनं विंडोज आणि नको असलेले प्रोग्रॅमच असतात. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, कंपनीने विंडोजसकट विकलेल्या लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्येच (मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये) विंडोजची की असते, तीच आवृत्ती टाकली की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. डेटा काढा, मुख्य पार्टिशन फॉरमॅट करून ताजं टाका.

जुना_सोल्डर:
ताजं टाकण्याला माझी ना नाही, पण रिकव्हरी पार्टिशन डिलीट करू नका एवढंच. कंपनीच्या रिकव्हरी पेनड्राइव्हबद्दलही सावध करतो: एचपी, डेल, लेनोवो मॉडेल किंवा सिरियल नंबरवरून इमेज देतात, पण तो पेनड्राइव्ह बहुतेकदा पूर्ण डिस्क पुसून मांडणी नव्याने करतो. एफ११ची सोय हुबेहूब परत हवी असेल तर मात्र तोच खरा मार्ग.

ताजं टाकायचं ठरलं तर ४६० जीबीचं एकच पार्टिशन फॉरमॅट करा. विंडोज सुरू झाल्यावर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये रीएजंटसी स्लॅश इन्फो द्या, दुरुस्तीचं वातावरण चालू आहे का ते कळेल. डिसेबल्ड आलं तर रीएजंटसी स्लॅश एनेबल. विनआरई.विम सापडत नाही म्हणालं तर ती १००० एमबीच्या पार्टिशनमध्ये शोधा आणि सेट-आर-ई-इमेज वापरून तो मार्ग दाखवा.

धुकेरी:
रेकॉर्डिंगं मिळाली. विंडोज.ओल्डमध्ये होती, सगळी ४१. प्रत्येक वाजवून पाहिली, त्यात दोन संध्याकाळी गेल्या. बिटलॉकरची की ताईच्या खात्यात होती. १५ जीबीच्या पार्टिशनची प्रत बाहेरच्या डिस्कवर आहे. डिझमने (विंडोजच्या इमेज हाताळणाऱ्या कमांडने) इमेजची माहिती मागितली तर नाव आणि आकार नीट आले, म्हणजे फाइल वाचता येते.

विंडोज मुख्य पार्टिशनवर ताजं टाकलं, ॲक्टिव्हेट झालं. रीएजंटसीने आधी डिसेबल्ड दाखवलं, एनेबल दिल्यावर एनेबल्ड. शिफ्ट धरून रीस्टार्ट केलं की दुरुस्तीचा निळा पडदा येतो. एफ११ने कंपनीची रिकव्हरी अजून येत नाही. ताई म्हणते तिचं काम सुरू आहे, आता सुट्टी लागेपर्यंत हात लावू नकोस.

जुना_सोल्डर:
ताईंचं ऐका. सुट्टीत मूळ विंडोजच हवं वाटलं तर डिझमच्या अप्लाय-इमेजने १५ जीबीमधली इमेज मुख्य पार्टिशनवर उतरवता येते, मग बीसीडीबूटने बूट नोंद करायची. कंपनीने इमेज वेगळ्या पद्धतीने बांधली असेल तर हे चालणार नाही, पण तुमची डिझमने वाचली आहे, तेव्हा आशा आहे. त्या दिवशी चार्जरची पिन आधी बदलून घ्या.