मदत हवी आहे: बिल्डवर्ल्ड दर वेळी क्लँगपाशी मरतंय

शिरोलीकर: कारखान्यातल्या गेटवे मशीनसाठी फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमची इमेज मीच सोर्सवरून बिल्ड करतो. नवीन सोर्स घेतल्यापासून मेक बिल्डवर्ल्ड (अख्खी सिस्टिम सोर्समधून बनवणारी कमांड) मधेच बसतंय. शेवटी नुसतं 'एरर कोड १'. एसआरसी डॉट कॉन्फ या बिल्डच्या सेटिंग फाईलमध्ये विदाउट_क्लँग टाकलंय, तरी क्लँग हा कंपायलरच बिल्ड करत बसतंय! मागच्या वेळी व्यवस्थित चाललं होतं. सोमवारी इमेज द्यायचीय, लवकर सांगा.

रंकाळा_चौपाटी: कुठून कुठल्या व्हर्जनला? रॅम किती? जे ला (एका वेळी किती कामं समांतर चालवायची तो आकडा) किती दिलंय? 'एरर कोड १' म्हणजे डॉक्टरला 'बरं वाटत नाही' एवढंच सांगण्यासारखं आहे. समांतर बिल्डमध्ये खरी एरर तळाला नसते, लॉगमध्ये वर शोधा.

तांबडा_पांढरा: भावा, डेबियन लिनक्स टाक आणि मोकळा हो.

शिरोलीकर: डेबियन नको, पीएफ (फायरवॉल) आणि जेल (सिस्टिममधले वेगळे कप्पे) सगळं बसवलेलं आहे. रॅमचा काय संबंध? ४ जीबी. जे ८. वर एके ठिकाणी 'अनेबल टू एक्झिक्युट कमांड: किल्ड' आहे.

रंकाळा_चौपाटी: हाच संबंध. मेमरी संपली म्हणून कर्नलनं (सिस्टिमच्या गाभ्यानं) कंपायलर मारला. डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, बघा. आणि व्हर्जन अजून सांगितलं नाहीत.

उजळाईवाडी: आमच्याकडं लाईट गेली की असंच व्हायचं. इन्व्हर्टरची बॅटरी बदलली, त्रास संपला. ट्यूब्युलरच घ्या.

तांबडा_पांढरा: ट्यूब्युलर लई जागा खाते राव.

शिरोलीकर: बॅटरी ठीक आहे!! मशीनवर १३.०, सोर्स १४.० चा.

जुना_अ‍ॅडमिन: विदाउट_क्लँग_बूटस्ट्रॅप टाका, बिल्डसाठी आधी क्लँग बनवायचा विषयच संपतो.

रंकाळा_चौपाटी: साहेब, ते टाकलं तर बाहेरचा कंपायलर द्यावा लागतो. उगीच वाटेला लावू नका त्यांना. शिरोलीकर, विदाउट_क्लँग फक्त अंतिम सिस्टिममधला क्लँग वगळतं. बिल्डसाठी लागणारा कंपायलर वेगळा. मशीनवरचा आणि सोर्समधला क्लँग जुळला की ती पायरी आपोआप गळते, म्हणून मागं चाललं. १३.० मध्ये एलएलव्हीएम (क्लँग ज्याचा भाग आहे ते) ११ होतं, १४.० मध्ये १६. आता तो आधी बनणारच.

जुना_अ‍ॅडमिन: मी २००५ पासून सोर्सवरून बिल्ड करतोय.

रंकाळा_चौपाटी: तेव्हा बेस सिस्टिममध्ये क्लँग नाही, जीसीसी हा कंपायलर होता.

नेटबीएसडी_वेडा: आमच्या नेटबीएसडीची बिल्ड स्क्रिप्ट, बिल्ड डॉट एसएच, लिनक्सवरूनही अख्खी सिस्टिम बिल्ड करतं. सहज सांगतोय.

कळंबा_०७: विंडोज न घालवता उबुंटू टाकता येतं का? मुलीला कॉलेजात लागतंय.

रंकाळा_चौपाटी: ताई, नवीन धागा काढा. शिरोलीकर, जे २ करा, स्वॅप (रॅम संपली की वापरायची डिस्कवरची जागा) वाढवा. ओबीजे डिरेक्टरी (बिल्डच्या फायली पडतात ती) कुठं आहे?

शिरोलीकर: टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममध्येच. वेगासाठी. त्याचं काय?

रंकाळा_चौपाटी: अहो मर्दा! ४ जीबीत कंपायलरही आणि त्यानं काढलेल्या सगळ्या ऑब्जेक्ट फायलीही? डिस्कवर हलवा. ऑफिसात मोठं मशीन असेल तर तिथं बिल्ड करा, एनएफएसवरून (नेटवर्कवरून) सोर्स आणि ओबीजे माउंट करून इथं फक्त इन्स्टॉल करा.

शिरोलीकर: डिस्कवर घेतलं, जे २. क्लँग पार झालं, पण लई सावकाश चाललंय. संपलं की थेट इन्स्टॉलवर्ल्ड, म्हणजे बनलेली सिस्टिम बसवायची ना?

रंकाळा_चौपाटी: नाही! आधी बिल्डकर्नल, इन्स्टॉलकर्नल, रीबूट. मग ईटीसीअपडेट डॅश पी (सेटिंग फायली जुळवायला), इन्स्टॉलवर्ल्ड, पुन्हा ईटीसीअपडेट. सोर्समधली अपडेटिंग फाईल वाचा. आणि गेटवेवर थेट करू नका, आधी टेस्ट मशीनवर.

शिरोलीकर: टेस्ट मशीन म्हणजे?