विमच्या स्क्रिप्टमध्ये आवृत्ती तपासावी की सुविधा?

प्रश्न:
विम या मजकूर-संपादकासाठी लिहिलेली माझी एक विमस्क्रिप्ट आमच्या गटातील सर्वजण वापरतात. काहींकडे विम ७.४ आहे, काहींकडे ८.० किंवा ९.०, तर दोघे विमपासून निघालेला निओविम वापरतात. कॉपी केलेला मजकूर क्षणभर उजळावा म्हणून मी ‘टेक्स्टयँकपोस्ट’ ही घटना वापरली आणि आवृत्तीचा आकडा देणारे ‘व्ही:व्हर्जन’ हे चल ८०० किंवा अधिक असेल तरच तो भाग चालावा, अशी अट घातली. तरीही ८.० असलेल्या एका यंत्रावर ‘ई२१६’ (अशी घटना नाही) ही त्रुटी येते. अट कुठे चुकते आहे?

पहिले उत्तर:
‘व्ही:व्हर्जन’ केवळ मुख्य व दुय्यम आवृत्ती सांगते, पॅच म्हणजे त्यानंतरचा क्रमांकित छोटा बदल सांगत नाही. ८.० सप्टेंबर २०१६ मध्ये आली, पण ही घटना ८.०.१३९४ या पॅचने दाखल झाली, आणि त्याआधीच्या व नंतरच्या सर्व ८.० प्रतींमध्ये आकडा ८०० हाच असतो. शिवाय निओविम या चलात विमशी सुसंगततेचा आकडा देतो, स्वतःची आवृत्ती नव्हे. म्हणून आवृत्तीऐवजी थेट त्या गोष्टीविषयी विचारावे: एक्झिस्ट्स('##टेक्स्टयँकपोस्ट'). येथे हॅशची दोन चिन्हे आवश्यक आहेत. एकच चिन्ह दिले तर त्या घटनेवर एखादा ऑटोकमांड (घटना घडताच आपोआप चालणारी आज्ञा) आधीच नोंदवला आहे का, एवढेच तपासले जाते. तसे नसल्यास नव्या विममध्येही उत्तर शून्य येते आणि कोणतीही त्रुटी न दिसता सुविधा बंद राहते. ही चूक शोधण्यात माझी एक संध्याकाळ गेली आहे.
याच पद्धतीने फंक्शन आहे का हे तपासण्यासाठी नावाआधी ‘*’ लावावे. ऑप्शनसाठी (विमच्या सेटिंगसाठी) ‘&’ पेक्षा ‘+’ वापरावे, कारण काही ऑप्शन विमला माहीत असतात, पण विमच्या त्या बांधणीत (बिल्डमध्ये) त्यांचा काहीच परिणाम होत नाही.

प्रश्नकर्ता:
दोन चिन्हांनी त्रुटी गेली, मनापासून आभार. मात्र मॅपिंगमधील, म्हणजे कळेला आज्ञा जोडताना लिहिले जाणारे, ‘<सीएमडी>’ कसे तपासावे? ते फंक्शनही नाही आणि ऑप्शनही नाही.

दुसरे उत्तर:
जिथे विचारण्याजोगे नाव नाही, तिथे पॅचचा आधार घ्यावा: हॅज('निओविम') || हॅज('पॅच-८.२.१९७८'). प्रत्यक्ष कोडमध्ये निओविमसाठी अर्थातच त्याचे चार अक्षरी रोमन नाव लिहावे लागते. त्याच्याकडे ही सोय विमच्या आधीपासून आहे, म्हणून त्याची अट वेगळी ठेवणे मला योग्य वाटते. संपूर्ण आकड्याचे हे पॅच-रूप ७.४.२३७ पासून भरवशाचे आहे. त्याहून जुन्या प्रती सांभाळायच्या असतील, तर आधी ‘व्ही:व्हर्जन’ ७०४ पेक्षा मोठे आहे का, हे पाहावे लागते.
आणखी एक काळजी घ्यावी. अट, नवी वाक्यरचना आणि ‘एंडइफ’ एकाच ओळीत लिहू नये. जुन्या विमला ती रचना कळली नाही, तर तो उरलेली ओळ सोडून देतो, त्यात ‘एंडइफ’ही सुटते आणि त्रुटी भलत्याच ठिकाणी दिसते. ‘एंडइफ’ स्वतंत्र ओळीवर ठेवावे.