मदत हवी आहे: मेशुगाच्या ‘कॅच थर्टीथ्री’मध्ये सम कशी पकडायची?

ड्रम्स किंवा तबला वाजवणारं, किंवा नुसतं मन लावून मेटल (जड गिटारचं रॉक संगीत) ऐकणारं कुणी असेल तर कृपया मदत करा. स्वीडनच्या मेशुगा बँडचा 2005 सालचा ‘कॅच थर्टीथ्री’ हा अल्बम गेले तीन आठवडे मी रोज रात्री ऐकतोय आणि एकाच जागी अडकलोय.

ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी: नावाला 13 ट्रॅक आहेत, पण आहे ती साधारण 47 मिनिटांची एकच सलग रचना. पहिले तीन ट्रॅक दोन मिनिटांच्या आतलेच आणि एकाच रिफवर (गिटारच्या परत परत येणाऱ्या तुकड्यावर) चालणारे, स्क्रीनकडे पाहिलं नाही तर नाव बदललेलं कळतही नाही. ड्रम्स कुणी बसून वाजवलेले नाहीत, संगणकावर सॉफ्टवेअरने प्रोग्रॅम केलेले आहेत. तरी त्या सॉफ्टवेअरमधले आवाज बँडचा ड्रमर तोमास हाके याच्याच ड्रम्सचे आहेत, त्यामुळे ते परके वाटत नाहीत.

आधी माझ्याकडे एमपीथ्री फाइल्स होत्या आणि दोन ट्रॅकच्या मध्ये रिफ तुटायची. फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या) फाइल्स घेतल्या, प्लेअरमधला क्रॉसफेड (एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळणं) बंद केला, तो त्रास गेला. कुणाला होत असेल तर आधी हे करून बघा.

खरी अडचण मात्रांची आहे. मला कळलंय ते असं: झांजा साध्या चारच्या चालीत चालत राहतात आणि गिटार व बेस ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) मिळून विषम लांबीचा एक तुकडा परत परत वाजवतात. समजा तुकडा 23 मात्रांचा आहे आणि आवर्तन 64 चं. मग तुकडा दोनदा पूर्ण वाजतो, तिसऱ्यांदा 18 मात्रांवर कापला जातो आणि सगळे एकदम समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येतात. कागदावर लिहिलं की लख्ख समजतं. उजव्या हाताने टेबलावर झांज, डाव्याने रिफ, असं करत मी आठव्या ट्रॅकपर्यंत कसाबसा टिकतो. नववा, ‘इन डेथ इज डेथ’, तेरा मिनिटांहून मोठा आहे. तिथे दोन-तीन आवर्तनांतच उजवा हात नकळत रिफच्या मागे जायला लागतो. झांज वाजून जाते आणि माझं बोट अर्धी मात्रा उशिरा टेबलावर पडतं. एकदा हात सुटला की पुन्हा धरता येत नाही, ट्रॅक मागे न्यावा लागतो.

तर विचारायचं हे की तुम्ही झांज धरता की स्नेअर (काठीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम)? की रिफचे तोंडाने बोल बसवून मग झांज त्यावर ठेवता? मी बोल बसवून पाहिले. रिफ पाठ होते, पण मग झांज ऐकूच येत नाही. लिहिलेलं नोटेशन पाहून शिकायचं नाहीये, कानानेच पकडायचंय.

दुसरा प्रश्न आशयाचा. कन्सेप्ट अल्बम (सगळी गाणी एकाच विषयाभोवती असलेला) म्हणून मी आधी पात्रं आणि गोष्ट शोधत बसलो, क्वीन्सराइक बँडच्या ‘ऑपरेशन: माइंडक्राइम’ या अल्बममध्ये आहे तशी. इथे तसं काही नाही, विरोधाभास हाच विषय आहे. आठव्या ट्रॅकच्या नावात मृत्यूमध्ये जीवन, लगेच नवव्यात मृत्यूमध्ये मृत्यू. सातव्यात तर माणसाचा आवाज यंत्रासारखा करून टाकलाय, मला तो भाग अजूनही अंगावर येतो. मला राहून राहून वाटतं की दोन चाली एकाच वेळी खऱ्या असणं, आणि एक धरली की दुसरी हातातून जाणं, हाच तो विरोधाभास त्यांनी तालात उतरवलाय. गीतांचे शब्द समोर ठेवून हे कुणी ताडून पाहिलंय का? तसं असेल तर मी दोन्ही हात एकत्र चालवायचा हट्ट धरतोय तोच चुकीचा ठरेल.

शेवटच्या ट्रॅकचं नाव ‘सम’ आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ बेरीज, पण मला दर वेळी आपली सम आठवते. त्याच्या सुरुवातीच्या जड भागात तुम्ही पहिली मात्रा कुठे मोजता, तेवढं जरी कुणी सांगितलं तरी आज रात्री तिथून सुरुवात करतो.